बेझोसने कंपनी आधी काढली, मग मस्क एवढा पुढे कसा गेला?

पहाटवारा

भाच्याने विचारलेला प्रश्न आहे आणि मला नीट उत्तर देता आलं नाही म्हणून इथे विचारतेय. तो नववीत आहे, रॉकेटचं प्रचंड वेड, रोज कुठलं ना कुठलं लाँच बघत बसलेला असतो. परवा म्हणाला, मावशी, बेझोसची ब्लू ओरिजिन २००० साली सुरू झाली, मस्कची स्पेसएक्स २००२ मध्ये, शिवाय बेझोसकडे पैसा तेव्हाही जास्तच होता, मग ब्लू ओरिजिनचं रॉकेट पहिल्यांदा ऑर्बिटमध्ये, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जायला २०२५ का उजाडलं? मी आपलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली पण मला स्वतःलाच ते पटलं नाही.

आणि याच्याच पोटात माझा एक वेगळा प्रश्न आहे. २०२१ च्या जुलैमध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकचा ब्रॅन्सन आणि बेझोस नऊ दिवसांच्या अंतराने वर जाऊन आले, तेव्हा मला त्याचा खूप राग आला होता, जगभर लोक कोविडने हैराण होते आणि हे दोघं आधी कोण म्हणून धावत होते असं वाटलं. पण भाच्याचे डोळे चमकतात ते बघून वाटतं की माझं काही चुकतंय का, म्हणजे या चढाओढीतून खरंच काही हाताला लागलंय का, की नुसता श्रीमंतांचा मान-अपमान आहे? ज्यांनी हे सगळं पहिल्यापासून फॉलो केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, मुलाला समजेल असं लिहिलंत तर अजून छान.

क्षितिजरेषा

ताई, प्रश्न चांगला विचारलाय भाच्याने. त्याला आधी एक गोष्ट सांगा, म्हणजे निम्मं कोडं सुटेल. ब्लू ओरिजिनच्या दोन रॉकेटची नावं न्यू शेपर्ड आणि न्यू ग्लेन. ॲलन शेपर्ड ५ मे १९६१ ला गेला, वर जाऊन खाली आला, पंधरा मिनिटांत खेळ संपला. जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ ला गेला आणि पृथ्वीला तीन फेऱ्या मारून आला. दोघंही अंतराळात गेले पण दोन्ही कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक कंपनीने नावातच ठेवलाय.

१०० किलोमीटर वर चेंडू फेकला तर तो वर जाईल आणि परत खाली येईल. ऑर्बिटमध्ये राहायचं तर नुसतं वर जाऊन भागत नाही, आडवं धावावं लागतं, सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर, म्हणजे ताशी २८ हजार. एक किलो वजन १०० किलोमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या साधारण तीसपट ऊर्जा त्याला तो वेग द्यायला लागते. न्यू शेपर्ड ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या आसपास जातं, बस. म्हणून टीव्हीवर दोन्ही रॉकेटं सारखीच दिसली, धूर निघाला, वर गेली, उभी खाली उतरली, तरी त्यांची तुलना होत नाही.

यावरूनच दोघांची पहिली जाहीर चकमक झाली होती. २३ नोव्हेंबर २०१५ ला न्यू शेपर्डचं बूस्टर, म्हणजे खालून ढकलणारा पहिला टप्पा, १०० किलोमीटरच्या वर जाऊन टेक्ससमध्ये उभं उतरलं. बेझोसने आनंदाने ट्विट केलं, मस्कने अभिनंदन केलं आणि लगेच जोडून सुनावलं की अंतराळ वेगळं आणि ऑर्बिट वेगळं. मग चारच आठवड्यांत, २१ डिसेंबरला स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ने अकरा सॅटेलाइट ऑर्बिटच्या वाटेला लावले आणि त्याचा पहिला टप्पा परत येऊन केप कॅनाव्हेरलला उतरला, त्यावर बेझोसने लिहिलं, क्लबमध्ये स्वागत. हे वाचून स्पेसएक्सचे चाहते भयंकर चिडले होते, मीही त्यातलाच, रात्रभर जागून लँडिंग बघितलं होतं आणि सकाळी ते ट्विट. पण आज विचार करतो तेव्हा वाटतं की दोन वेगळ्या माणसांनी एका महिन्यात ही गोष्ट करून दाखवली हेच केवढं मोठं होतं, कारण तोवर वापरलेला पहिला टप्पा समुद्रात पडून जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असायचं.

इंधनटाकी

वरचं सगळं बरोबर पण मूळ प्रश्न राहिला, पुढे कसा गेला. मी या क्षेत्राशी लांबून का होईना संबंधित काम केलंय त्यामुळे माझं मत ठाम आहे: पैसा जास्त असणं हीच ब्लू ओरिजिनची अडचण झाली.

म्हणजे बघा. मस्कने पेपॅल कंपनी विकून मिळालेल्या पैशातले साधारण १० कोटी डॉलर घातले आणि ठरवलं की एवढ्यात होईल. फाल्कन १ हे छोटं रॉकेट, पॅसिफिकमधल्या क्वाजालीन प्रवाळबेटांतल्या ओमेलेक नावाच्या इवल्याशा बेटावरून उडवायचं. मार्च २००६ ला पहिलं गेलं, इंधनगळतीने आग लागून अर्ध्या मिनिटात पडलं. मार्च २००७ ला दुसरं, तेही ऑर्बिटला पोचलं नाही. ऑगस्ट २००८ ला तिसरं, आणि हे सगळ्यात जिव्हारी लागणारं, कारण दोन टप्पे नीट सुटले होते पण खालच्या टप्प्याच्या नव्या इंजिनात बंद केल्यावरही थोडा जोर शिल्लक होता, त्यामुळे तो मागून येऊन वरच्याला धडकला. दुरुस्ती काय तर सुटण्याआधी काही सेकंद जास्त थांबायचं. एवढंच! पण हे कळायला एक अख्खं रॉकेट गेलं. पैसे संपत आलेले, त्याची टेस्लाही तेव्हा बुडायच्या बेतात. दोन महिनेही झाले नव्हते तोवर, २८ सप्टेंबर २००८ ला चौथं उडवलं आणि ते ऑर्बिटला पोचलं. डिसेंबरात नासाने अंतराळ स्टेशनला सामान पोचवायच्या बारा फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, तिथून कंपनी तरली.

आता बेझोसचं बघा. त्याने कंपनीचं बोधवाक्यच लॅटिनमध्ये ठेवलं, पायरीपायरीने पण त्वेषाने अशा अर्थाचं, आणि बोधचिन्हावर कासवं. २०१७ मध्ये तो म्हणाला होता की दरवर्षी सुमारे १०० कोटी डॉलरचे ॲमेझॉनचे शेअर विकून इकडे घालतो. ज्या कंपनीला दर वर्षी न मागता एवढे पैसे मिळतात तिला कुणाला तारीख द्यावी लागत नाही, कुणी गिऱ्हाईक फोन करून विचारत नाही की माझा सॅटेलाइट कधी जाणार. मस्कच्या मागे नासा होती, सॅटेलाइट कंपन्या होत्या, पगाराची तारीख होती. आपल्याकडची ससा-कासवाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण त्यात कासव जिंकतं कारण ससा झोपतो. इथे ससा झोपलाच नाही.

आणि हे सांगताना मला आनंद होत नाहीये. ब्लू ओरिजिनमध्ये फार चांगले इंजिनियर आहेत. त्यांचं बीई-४ इंजिन बघा, मिथेनवर चालणारं, बोइंग आणि लॉकहीडची जी जोडकंपनी आहे, युनायटेड लाँच अलायन्स, तिने स्वतःच्या व्हल्कन रॉकेटला तेच घेतलं, जानेवारी २०२४ ला व्हल्कनचं पहिलं उड्डाण त्याच्यावरच झालं. उशीर झाला, खूप झाला, पण माल खोटा नव्हता.

रोखठोक_७७

सगळे कौतुकच करताय म्हणून दुसरी बाजू लिहितो. ही चढाओढ आकाशात कमी आणि कोर्टकचेरीत जास्त झालीये.

२०१३ मध्ये नासाने फ्लोरिडाचं ३९-ए लाँचपॅड भाड्याने द्यायचं ठरवलं, जिथून अपोलो ११ गेलं तेच. स्पेसएक्सला ते एकट्याला हवं होतं, ब्लू ओरिजिन म्हणे सगळ्यांना वापरू द्या, आणि त्यांनी तक्रार केली, तेव्हा त्यांच्याकडे तिथून उडवण्याजोगं ऑर्बिटचं रॉकेटही नव्हतं. तक्रार फेटाळली गेली आणि २०१४ ला वीस वर्षांचा करार स्पेसएक्सशी झाला. त्याच वर्षी ब्लू ओरिजिनला समुद्रात जहाजावर रॉकेट उतरवण्याच्या कल्पनेवर पेटंट मिळालं. कल्पनेवर! उतरवून दाखवलेलं नव्हतंच काही. स्पेसएक्सने आव्हान दिलं तेव्हा त्यांनी बहुतेक दावे मागे घेतले.

मस्कही काही कमी नाही बरं का, २०१४ मध्ये त्याने अमेरिकेच्या हवाई दलावर खटला भरला होता की लष्करी सॅटेलाइटची कामं आम्हाला बोलीच लावू न देता दुसऱ्यांना देता. माझ्या मते तो खटला योग्य होता हे मान्य करतो, कारण तिथे खरोखर एकाच कंपनीची मक्तेदारी झाली होती.

पण सगळ्यात वाईट २०२१ चं. एप्रिलमध्ये नासाने माणसं चंद्रावर उतरवायच्या यानाचं काम एकट्या स्पेसएक्सला दिलं, २८९ कोटी डॉलर. आधी दोघांना द्यायचा विचार होता पण संसदेने पैसेच तेवढे दिले नाहीत. ब्लू ओरिजिनने तक्रार केली, काम थांबलं. जुलैत बेझोसने जाहीर पत्र लिहिलं की २०० कोटी डॉलरपर्यंतची रक्कम आम्ही सोडतो, आम्हालाही घ्या. तक्रार फेटाळली तर ऑगस्टमध्ये कोर्टात गेले, परत काम थांबलं, नोव्हेंबरमध्ये तिथेही हरले. नासाने नंतर स्पष्ट सांगितलं की या भांडणात जवळजवळ सात महिने गेले. तो चंद्राचा कार्यक्रम लोकांच्या कराच्या पैशावर चाललाय. त्यामुळे हा दोन श्रीमंतांचा खाजगी मामला आहे, त्यांचे पैसे ते उडवतात असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. दोघांनाही मोठं करणारं गिऱ्हाईक सरकारच आहे.

नक्षत्रवाट

रोखठोक यांच्यात माझी एक भर. मी वीस वर्षं दुर्बिणीतून आकाश बघतेय, फोटो काढते. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे, म्हणजे स्पेसएक्सच्या इंटरनेट सेवेचे, पहिले साठ सॅटेलाइट एकदम सोडले तेव्हा ती माळ बघून मी अक्षरशः हरखून गेले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात फोटोवर पांढरे ओरखडे बघून रडकुंडीला आले. आता ते हजारोंनी आहेत. ॲमेझॉननेही तीन हजारांवर सॅटेलाइटची परवानगी घेतलीये, त्यातले निम्मे जुलै २०२६ पर्यंत वर पाहिजेत अशी अट घातली होती, म्हणजे घाई आलीच. जिथे फायबर पोचत नाही तिथल्या लोकांना इंटरनेट मिळतंय हे मोठं काम आहे, मी ते नाकारत नाही. पण आकाश या दोघांपैकी कुणाचंच नाही, आणि त्यात किती गर्दी करायची याचा हिशेब दोघांच्या स्पर्धेवर सोडलाय याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्पेसएक्सने सॅटेलाइट कमी चमकावेत म्हणून रंग, सावलीच्या पट्ट्या असे प्रयोग केले, थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

क्षितिजरेषा

नक्षत्रवाट, पटलं. रॉकेटच्या नादात आमच्यासारख्यांचं याकडे दुर्लक्ष होतं हे खरंय.

पहाटवारा

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. भाच्याला फाल्कन १ ची तिसरी फेरी वाचून दाखवली, तो पाच मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला की थोडे सेकंद थांबले असते तर. त्याला ते फार लागलं.

पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. रोखठोक म्हणतात तसं जर एवढे महिने कोर्टात जात असतील तर नासाने जो चांगला आहे त्यालाच सगळं काम देऊन टाकावं ना? दोघांना पोसायचं कशाला? आणि ब्रॅन्सनचं पुढे काय झालं, त्याचं नावच ऐकू येत नाही हल्ली.

इंधनटाकी

दोघांना कशाला याचं उत्तर जून २०२४ मध्ये मिळालं. २०१४ ला नासाने माणसं स्टेशनला न्यायचं काम दोन कंपन्यांना दिलं होतं, बोइंगला ४२० कोटी डॉलर आणि स्पेसएक्सला २६० कोटी. तेव्हा बहुतेकांना वाटायचं की बोइंग जुनी, अनुभवी, तीच आधी पोचणार, आणि स्पेसएक्सला उगाच घेतलंय. नासाने तेव्हा पैसे वाचवायला एकालाच घेतलं असतं तर ते कुणाला घेतलं असतं सांगा? मे २०२० ला स्पेसएक्सचं क्रू ड्रॅगन यान दोघांना घेऊन गेलं. २०११ मध्ये नासाचं शटल यान बंद झाल्यापासून नऊ वर्षं अमेरिका रशियाच्या सोयुझ यानामध्ये सीटा विकत घेत होती, ते थांबलं. आणि २०२४ ला बोइंगचं स्टारलायनर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेलं तेव्हा त्याचे थ्रस्टर, म्हणजे दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं, बिघडले, हेलियम गळायला लागला, नासाने ते रिकामंच खाली आणलं. आठेक दिवसांसाठी गेलेली ती दोघं मार्च २०२५ ला परत आली, क्रू ड्रॅगनमधून. दुसरी गाडी होती म्हणून.

म्हणून मी म्हणतो, एकालाच देऊन टाकणं हा मोह फार घातक. आज स्पेसएक्स इतकी पुढे आहे की २०२४ मध्ये फाल्कनची १३० च्या वर उड्डाणं झाली, काही बूस्टर वीसपेक्षा जास्त वेळा उडालेत. ॲमेझॉनला स्वतःचे सॅटेलाइट सोडायला डिसेंबर २०२३ मध्ये स्पेसएक्सकडून तीन उड्डाणं विकत घ्यावी लागली, म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याच गाडीतून माल. हे ऐकायला गमतीशीर वाटतं पण मला त्याची काळजी वाटते. उद्या फाल्कनमध्ये एखादा दोष सापडून ते महिनोन् महिने जमिनीवर बसलं तर बाकीचं सगळं अडकेल.

चंद्रावर उतरायच्या यानाचंही तसंच. २०२३ च्या मे महिन्यात नासाने शेवटी ब्लू ओरिजिनलाही ३४० कोटी डॉलरचं काम दिलं, दुसरं यान बनवायला. म्हणजे कोर्टात हरूनही दोन वर्षांत जे मागत होते ते मिळालं, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नासाच्या तेव्हाच्या हंगामी प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की स्पेसएक्स मागे पडतेय, पहिल्या उतरण्याचं काम आम्ही बाकीच्यांनाही खुलं करू. हे बोलायची सोय नासाला आहे ती दुसरा कुणीतरी यान बनवतोय म्हणूनच.

जुनीवही

ब्रॅन्सनचं मी सांगते. त्याची कथा यातली सगळ्यात हळवी आहे आणि लोक तिला उगाच हसण्यावारी नेतात.

२००४ मध्ये मोहावीच्या वाळवंटातून स्पेसशिपवन नावाचं छोटं यान दोन आठवड्यांत दोनदा वर जाऊन आलं आणि त्याने १ कोटी डॉलरचं एक्स प्राइझ जिंकलं. बनवलं बर्ट रुटानने, पैसे मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलनचे. ब्रॅन्सनने तेच तंत्र घेऊन व्हर्जिन गॅलॅक्टिक काढली, तिकिटं विकायला सुरुवात केली, लवकरच नेतो म्हणाला. वर्षं जात राहिली. ३१ ऑक्टोबर २०१४ ला चाचणीत यानाची शेपटी फिरवण्याची कडी वेळेआधी उघडली गेली, यान हवेतच तुटलं, एक पायलट गेला आणि दुसरा जखमी होऊन वाचला. तरी त्यांनी सोडलं नाही. ११ जुलै २०२१ ला ब्रॅन्सन ८६ किलोमीटरपर्यंत गेला. बेझोसचं उड्डाण २० जुलैला होणार हे आधी जाहीर झालेलं होतं, ब्रॅन्सनची तारीख नंतर आली. आणि बेझोसच्या कंपनीने ब्रॅन्सनच्या उड्डाणाच्या दोन दिवस आधी तक्ता टाकला की आमच्या खिडक्या मोठ्या, आम्ही १०० किलोमीटरच्या रेषेच्या वर जातो आणि ते जात नाहीत. अमेरिकेत ८० किलोमीटर म्हणजेच अंतराळ धरतात, त्यामुळे दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मला ते तेव्हा फार खुजं वाटलं. ब्रॅन्सनच्या त्या यानाने २०२४ च्या जूनमध्ये शेवटचं उड्डाण केलं, आता कंपनी नवीन यान बनवतेय. त्याची दुसरी कंपनी, छोटे सॅटेलाइट सोडणारी व्हर्जिन ऑर्बिट, २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पण ताई, तुम्हाला जुलै २०२१ चा राग आला होता ना, तर त्यातली एक गोष्ट सांगते, कारण मलाही आला होता आणि त्या एका बाईमुळे गेला. वॉली फंक. १९६१ मध्ये अमेरिकेत काही महिला पायलटनी अंतराळवीरांच्या तशाच वैद्यकीय चाचण्या दिल्या होत्या, खाजगीरीत्या, नासाच्या कार्यक्रमाबाहेर. ही त्यांतली सगळ्यात लहान, विशी-बाविशीतली, आणि पास झालेली. पण तेव्हा बाईला घ्यायचंच नव्हतं, कार्यक्रम गुंडाळला. तिने पुढे हजारो लोकांना विमान चालवायला शिकवलं, नासाकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले, नाही म्हणाले. मग तिने ब्रॅन्सनच्या यानाचं २ लाख डॉलरचं तिकीट काढलं आणि वाट बघत बसली. आणि शेवटी बेझोसने बोलावलं, ८२ व्या वर्षी ती न्यू शेपर्डमधून गेली. सगळी मिळून दहा-अकरा मिनिटं. दार उघडल्यावर दोन्ही हात पसरून बाहेर आली तो चेहरा मी विसरणार नाही. साठ वर्षं थांबली होती ती, आणि सरकारी संस्थेने जे नाकारलं ते या दोघांच्या शर्यतीमुळे मिळालं. यातून शर्यत पवित्र होते असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी टीव्ही लावताना जेवढी चिडलेली होते तेवढी बंद करताना नव्हते.

रोखठोक_७७

वॉली फंकबद्दल एक शब्द विरोधात नाही. फक्त एवढंच की तिला न्यायला अब्जाधीशाची मर्जी लागली याचं वाईट वाटायला हवं. १९६१ ला पास झालेली बाई ६१ लाच किंवा ६२ ला जायला हवी होती.

जुनीवही

हो. हे मात्र खरं.

क्षितिजरेषा

ताई, भाच्याला १३ नोव्हेंबर २०२५ चं न्यू ग्लेनचं लाँच नक्की दाखवा. जानेवारीत पहिल्यांदा ऑर्बिटला पोचलं होतं पण बूस्टर हातचं गेलं होतं. या वेळी मंगळाकडे जाणारी नासाची दोन छोटी यानं सोडली आणि बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरलं, त्या जहाजाला बेझोसच्या आईचं, जॅकलिनचं नाव दिलंय. त्या दिवशी मस्कने अभिनंदन केलं, आणि या वेळी मागे काही जोडलं नाही. मग त्याला १३ ऑक्टोबर २०२४ चंही दाखवा, स्पेसएक्सच्या स्टारशिप या नव्या मोठ्या रॉकेटचं बूस्टर टॉवरच्या दोन हातांनी हवेत झेललं तो व्हिडिओ. इंजिनियर लोक रडत होते तेव्हा.

पहाटवारा

दोन्ही दाखवले. आधी झेलण्याचा, मग जहाजावरचा, मग दोन्ही परत. माझा राग पूर्ण गेला असं नाही म्हणणार, नक्षत्रवाट यांनी लिहिलेलं डोक्यातून जात नाहीये, पण कशावर रागवायचं आणि कशावर नाही ते आता जरा वेगवेगळं दिसतंय.

भाच्याने आता नवीन प्रश्न काढलाय, तोही टाकते. उतरताना इंजिन परत पेटवायचं म्हणजे इंधन शिल्लक ठेवायला लागणार, मग तेवढं वजन वर न्यायच्या सामानातून कमी होतं का, आणि किती? इंधनटाकी, तुमच्यासाठीच आहे बहुतेक.

इंधनटाकी

होतं. परत जमिनीवर आणायचं तर जास्त, जहाजावर उतरवलं तर कमी, म्हणूनच तर जहाज समुद्रात लांब नेऊन उभं करतात, बूस्टर जिकडे चाललंय तिकडेच. पण हे नीट आकडे मांडून लिहायला हवं, वेगळा धागा काढा, रात्री बसून लिहितो.